सँडहर्स्ट रोडच्या अलीकडेच संपणारं नाव

समजा, मध्य रेल्वेच्या स्टेशनांचे फोटो तुम्ही हौसेने लावून ठेवलेत. एका फोल्डरात पुढच्या स्टेशनाचा फोल्डर, त्यात त्याच्या पुढचा, आणि नावं चोख मराठीत. आता या सगळ्याचं एक गाठोडं बांधायचंय, तेही 'टार' या जुन्या पद्धतीने.

टार म्हणजे 'टेप आर्काइव्ह'. 1979 च्या युनिक्स या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीतून ते आलं. चुंबकीय फितीवर फाइली एकामागोमाग एक लिहायच्या आणि प्रत्येकीच्या आधी 512 बाइटची चिठ्ठी जोडायची, अशी त्याची रीत. चिठ्ठीत नाव, आकार, तारीख, मालक. नावाच्या रकान्यात फोल्डरांसकट पूर्ण मार्ग, म्हणजे तिरक्या रेघेने जोडलेली नावं, लिहायचा; त्याला जागा 100 बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, त्यामुळे तेव्हा ती ऐसपैस वाटली असणार.

देवनागरीचा हिशेब निराळा. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. एकट्या 'त्र'चेच 9 झाले! 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' या नावाचे होतात 81 बाइट. रोमन लिपीत तेच 36 मध्ये बसतं. पुढे तिरकी रेघ आणि 'मशीद' मिळून 94. सँडहर्स्ट रोडला गाडी पोचतच नाही.

1988 च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाने चिठ्ठीतच 155 बाइटचा आणखी एक रकाना काढला. लांब मार्ग दोन तुकड्यांत लिहायचा, पण तोडायचा तिरक्या रेघेपाशीच. त्यामुळे शेवटचं एकच नाव 100 बाइटच्या वर गेलं की पुन्हा अडलं. देवनागरीत त्याला 34 चिन्हं पुरतात, म्हणजे लग्नाच्या अल्बमचं नावही धोक्यात.

ग्नू टारने, म्हणजे टारच्या एका मुक्त आवृत्तीने, काढलेली युक्ती मला भारी आवडते, जराशी लबाड असली तरी. खऱ्या फाइलीच्या आधी एक खोटी नोंद घुसवायची आणि पूर्ण नाव तिच्या पोटात मजकूर म्हणून ठेवायचं. ही खूण न समजणारा जुना प्रोग्रॅम ते नाव साधी फाइल म्हणून बाहेर काढून ठेवतो. 2001 च्या 'पॅक्स' पद्धतीने हीच कल्पना रीतसर केली: आधी जोडपत्र, त्यात यूटीएफ-8 मधला पूर्ण मार्ग.

झिपमध्ये नावाची लांबी दोन बाइटांत लिहितात, म्हणून मर्यादा थेट 65,535 बाइट. तिथे अडचण येते ती गाठोडं सोडताना. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये एका नावाला 255 बाइट, म्हणजे देवनागरीची 85 चिन्हं. विंडोज बाइट मोजत नाही, तिथे काना-वेलांटी एकेकच धरली जाते. पण त्याची जुनी मर्यादा अख्ख्या मार्गाला 260 चिन्हांची आहे. 2016 पासून ती सैल करता येते, मात्र सेटिंग बदलावं लागतं आणि प्रोग्रॅमचीही तशी तयारी लागते. त्यात झिप उघडताना विंडोज झिपच्याच नावाचा फोल्डर करतं, आत बहुधा त्याच नावाचा दुसरा असतो, आणि लांबलचक नाव दोनदा मोजलं जातं. अशा वेळी मी सरळ सी ड्राइव्हवर 'अ' नावाचा फोल्डर करतो आणि गाठोडं तिथे सोडतो.