सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा स्पीड हाताने फिक्स करायचा का?

‘सर्व्हरवर ऑटो-निगोशिएशन बंद करा, स्पीड आणि फुल डुप्लेक्स हाताने टाका, लिंक स्टेबल राहते’ हा सल्ला अजून फिरतोय. ऑटो-निगोशिएशन (थोडक्यात ऑटो) म्हणजे कार्ड आणि स्विचने स्पीड व डुप्लेक्स आपापसात ठरवणं; फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे एका वेळी एकच. पूर्वी त्यात तथ्य होतं, १९९५ च्या फास्ट इथरनेट स्टँडर्डमध्ये ऑटोची व्याख्या जरा ढिली होती, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे कार्ड आणि स्विच एकमेकांशी नीट जुळत नसत. पण १९९८ मध्ये ते दुरुस्त झालं, आणि कॉपर केबलवरच्या गिगाबिटला तर ऑटो लागतंच, कोणाच्या क्लॉकच्या तालावर दोन्ही टोकांनी चालायचं, म्हणजे मास्टर कोण, हे त्यातच ठरतं.

आता खरी गंमत बघा. सर्व्हरवर १०० फुल (१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स) फिक्स केलं आणि स्विच ऑटोवरच राहिला, तर स्विचला स्पीड कळतो पण डुप्लेक्स कळत नाही, मग तो नियमाप्रमाणे हाफ धरतो. पिंग (छोटा चाचणी संदेश) मस्त चालतो, लिंकचा दिवा हिरवा, आणि मोठी फाईल कॉपी करायला घेतली की रडारड सुरू! लोक केबल बदलत बसतात.

लिनक्सवर इथटूल (ethtool) कमांडने स्पीड-डुप्लेक्स बघा, मग एरर काउंटर. हाफवाल्या बाजूला लेट कोलिजन (पाठवणं बरंच पुढे गेल्यावर झालेली टक्कर) आणि फुलवाल्या बाजूला सीआरसी एरर (खराब होऊन आलेला डेटा) वाढत असतील तर हेच प्रकरण. दोन्हीकडे ऑटो करा. जुनाट उपकरणामुळे फिक्स करावंच लागलं तर दोन्ही टोकांना सारखंच करा.