झील-नील्सन रंजन

झील-नील्सन रंजन : क्षय व कुष्ठरोग यांचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली लाल आणि बाकी सर्व पदार्थ निळे दिसावेत, अशा रीतीने काचपट्टी रंगवण्याची पद्धत. प्रयोगशाळेत हिला ‘झेड-एन’ म्हणतात. अहवालावर तिचा निष्कर्ष ‘एएफबी’ (ॲसिड-फास्ट बॅसिलाय, म्हणजे अम्लस्थिर जंतू) या अक्षरांपुढे लिहिला जातो. ‘थुंकी तपासायला दिली आहे’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा गेल्या शंभराहून अधिक वर्षांत बहुतेक वेळा हीच तपासणी अभिप्रेत असते.

पद्धतीचे तत्त्व एका ओळीत सांगता येते. मायकोबॅक्टेरियम या प्रजातीतील जंतूंमध्ये रंग सहजी शिरत नाही, पण एकदा शिरला की तीव्र अम्लाने धुतले तरी निघत नाही. या गुणाला अम्लस्थिरता म्हणतात. इतर बहुतेक जंतू, पूपेशी व श्लेष्मा यांचा रंग अम्लाने उतरतो, मग त्यांना दुसरा, विरोधी रंग देतात. ग्रॅम रंजन या जंतू रंगवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा क्षयजंतूंसाठी फारसा उपयोग होत नाही. त्यात ते फिकट, तुटक दिसतात किंवा मुळीच दिसत नाहीत.

श्रेयाचा प्रश्न : पद्धतीला दोन नावे आहेत, पण तिच्यात निदान पाच जणांचा हात आहे, आणि कोणाचा वाटा किती यावर लेखकांचे एकमत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाविज्ञान संस्थेच्या सभेत क्षयजंतूंचा शोध जाहीर केला. त्या वेळी ते मिथिलीन ब्लूच्या अल्कधर्मी द्रावात काचपट्टी सुमारे २४ तास ठेवत आणि नंतर व्हेसुव्हिन हा तपकिरी रंग देत. त्यामुळे जंतू निळे व ऊतक तपकिरी दिसे. द्राव अल्कधर्मी असणे आवश्यक आहे, असे कॉख यांचे मत होते. जुन्या, हवेतील अमोनिया शोषलेल्या द्रावाने जंतू रंगतात आणि ताज्याने रंगत नाहीत, या निरीक्षणावरून ते मत बनले असावे, असे सामान्यतः मानले जाते.

त्या सभेत पाउल एर्लिख उपस्थित होते. मे १८८२ पर्यंत त्यांनी पद्धत जवळजवळ नव्याने घडवली. अल्कलीऐवजी त्यांनी ॲनिलीनयुक्त पाणी रंगबंधक म्हणून वापरले, मिथिलीन ब्लूच्या जागी फुक्सिन हा लाल रंग किंवा मेथिल व्हायोलेट घेतले, आणि मुख्य म्हणजे काचपट्टी सुमारे ३०% नायट्रिक अम्लाने धुतली. अम्लाने सगळ्यांचा रंग जातो, क्षयजंतूंचा जात नाही, हे प्रथम त्यांनी दाखवले. चोवीस तासांचे काम तासाभराच्या आत आले. कॉख यांनी ही सुधारणा विनातक्रार स्वीकारली. एर्लिख यांना पुढे स्वतःच्या थुंकीत हेच जंतू सापडले आणि १८८८ च्या सुमारास ते हवापालटासाठी इजिप्तला गेले.

एर्लिख यांच्याबद्दल एक कथा नेहमी सांगितली जाते. रंगवलेल्या काचपट्ट्या त्यांनी रात्री थंड शेगडीवर वाळत ठेवल्या, सकाळी कोणीतरी नकळत शेगडी पेटवली आणि उष्णतेने जंतू उत्तम रंगले. कथा घडलीच नसेल असे म्हणवत नाही, पण तिच्या आधारे उष्णतेच्या वापराचे श्रेय एर्लिख यांना देणे प्रस्तुत लेखकास पटत नाही. त्यांची पहिली कृती थंडच होती. रंग तापवून वेळ वाचवण्याची सूचना त्याच वर्षी रिंडफ्लाइश या विकृतिवैज्ञानिकांनी केली, हे मत अधिक सयुक्तिक आहे.

लूबेकचे वैद्य फ्रान्ट्स झील यांनी १८८२ मध्येच ॲनिलीनऐवजी कार्बॉलिक अम्ल, म्हणजे फिनॉल, वापरून पाहिले. रंग घेण्यासाठी अल्कधर्मी द्रावच हवा, हे कॉख यांचे मत त्यामुळे मागे पडले, कारण फिनॉल स्वतः सौम्य अम्ल आहे. झील यांचे जन्मवर्ष काही ग्रंथांत १८५७, तर काहींत १८५९ दिले आहे; मृत्यू १९२६. फ्रीड्रिख नील्सन (१८५४–१८९८) या विकृतिवैज्ञानिकांनी १८८३ मध्ये झील यांचे फिनॉल आणि एर्लिख यांचे फुक्सिन एकत्र केले व नायट्रिक अम्लाच्या जागी सल्फ्यूरिक अम्ल घेतले. आज वापरात असलेला कार्बॉल फुक्सिन हा द्राव तो हाच.

तेव्हा तत्त्व एर्लिख यांचे, फिनॉल झील यांचे, उष्णता रिंडफ्लाइश यांची आणि जुळणी नील्सन यांची, अशी वाटणी करता येते. एर्लिख यांचे नाव पद्धतीला का राहिले नाही, याचे कारण काही लेखक राष्ट्रीय व वैयक्तिक स्पर्धेत शोधतात. त्याहून साधे कारण पुरेसे वाटते. ॲनिलीन-पाण्यातील रंग लवकर बिघडतो, तो वारंवार ताजा करावा लागतो. कार्बॉल फुक्सिन मात्र बाटलीत महिनोन्‌महिने टिकतो. जो रंग फडताळात टिकला, त्याच्या कर्त्यांची नावे टिकली.

अम्लस्थिरतेचे कारण : या जंतूंच्या भित्तिकेत मायकोलिक अम्ले नावाची अतिदीर्घ मेदाम्ले असतात. क्षयजंतूंमध्ये त्यांची साखळी सुमारे ६० ते ९० कार्बन अणूंची असते. त्यामुळे भित्तिका मेणचट होते, हे सर्वमान्य आहे. वाद पुढे आहे. एका मताप्रमाणे रंग मायकोलिक अम्लांशी बद्ध होतो. दुसऱ्या मताप्रमाणे तो पेशीच्या आत कोंडला जातो आणि मेणचट भित्तिका अम्लाला आत येऊ देत नाही. चिरडलेल्या जंतूंची अम्लस्थिरता नाहीशी होते, हे निरीक्षण दुसऱ्या मताकडे झुकते, कारण चिरडल्याने अम्ले नष्ट होत नाहीत, केवळ भित्तिकेची अखंडता मोडते. आयसोनायझिड हे औषध मायकोलिक अम्लांची निर्मिती रोखते आणि त्याच्या प्रभावाखालील जंतू अम्लस्थिरता गमावतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात केएएसबी हे एकच जनुक काढून टाकल्यावर क्षयजंतूंच्या मायकोलिक साखळ्या किंचित आखूड झाल्या आणि तेवढ्याने अम्लस्थिरता गेली. तेव्हा ही अम्ले नुसती असून भागत नाही, त्यांची लांबीही पुरेशी असावी लागते. दोन्ही मते परस्परांना सर्वस्वी छेद देत नाहीत. तरी अखंड भित्तिकेचे मत अधिक ग्राह्य वाटते.

हान्स मुख यांनी १९०७ च्या सुमारास क्षयग्रस्त ऊतकांत अम्लस्थिर नसलेले, पण ग्रॅम पद्धतीने रंगणारे कण वर्णिले. ते क्षयजंतूंचेच रूप होते की रंगाचे अवशेष, याविषयी दीर्घकाळ शंका घेतली गेली. अलीकडे सुप्त अवस्थेतील जंतूंच्या अभ्यासामुळे त्या वर्णनाकडे पुन्हा लक्ष गेले आहे.

कृती : नवी, ओरखडा नसलेली काचपट्टी घेऊन तिच्या एका टोकाला नमुन्याचा क्रमांक डायमंड पेन्सिलने कोरतात. डबीतील थुंकीचा पिवळसर, घट्ट भाग निवडणे हे सर्वांत महत्त्वाचे काम. पातळ, फेसाळ लाळेत जंतू सहसा नसतात. भारतातील क्षयनियंत्रण कार्यक्रमात खराट्याची काडी मोडून तिच्या खरबरीत टोकाने हा भाग उचलण्याची रीत आहे. गुळगुळीत तारेला न चिकटणारा घट्ट बेडका या काडीला नीट चिकटतो, आणि वापरलेली काडी लगेच टाकून देता येते. सुमारे ३ × २ सेंमी. जागेवर काडी लहान लहान वेटोळ्यांत फिरवून लेप पसरतात. तो इतका पातळ हवा की वाळल्यावर खाली धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता यावीत. जाड लेप धुताना सुटतो. फार पातळ लेपात जंतू विरळ होतात.

लेप हवेत पूर्ण वाळल्यावर काचपट्टी ज्योतीवरून काही वेळा फिरवून तो पक्का करतात. मग लेप झाकेल इतका १% कार्बॉल फुक्सिन ओतून खालून स्पिरिटच्या दिव्याने तापवतात. द्रावावर वाफेची पहिली रेघ उठली की ज्योत बाजूला घ्यायची. रंग उकळू द्यायचा नाही आणि आटू द्यायचा नाही. शिकाऊ तंत्रज्ञाची पहिली चूक इथेच होते. रंग आटला की काचेवर स्फटिक बसतात आणि भिंगाखाली तेच लाल काड्यांसारखे दिसू लागतात. पाच मिनिटांनी पाण्याने धुऊन २५% सल्फ्यूरिक अम्ल २ ते ४ मिनिटे ठेवतात. डाळिंबी लाल लेप हळूहळू फिका गुलाबी, जवळजवळ रंगहीन होतो. पुन्हा धुऊन ०.१% मिथिलीन ब्लू अर्धा मिनिट, पुन्हा पाणी, आणि काचपट्टी उभी टेकवून वाळवणे.

वाचन : १०० पट भिंगावर तेलाचा थेंब घेऊन काचपट्टी पाहतात. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या, कधी मण्यांची माळ वाटावी अशा लाल काड्या दिसतात. त्या सुट्या असतात किंवा दोन-तीन एकमेकींना तिरक्या टेकलेल्या असतात. भिंगातून एका वेळी जेवढा भाग दिसतो त्याला क्षेत्र म्हणतात. १०० क्षेत्रे पाहून एकही जंतू नसेल तरच ‘निगेटिव्ह’ लिहायचे. १०० क्षेत्रांत १ ते ९ दिसल्यास प्रत्यक्ष आकडा नोंदवतात. १० ते ९९ असल्यास १+. प्रत्येक क्षेत्रात सरासरी १ ते १० असल्यास २+. दहाहून अधिक असल्यास ३+. शंभर क्षेत्रे प्रामाणिकपणे पाहायला काही मिनिटे सलग डोळा लावून बसावे लागते. दिवसाला वीस-पंचवीस काचपट्ट्यांनंतर डोळा थकतो आणि कमी जंतू असलेला रुग्ण नेमका तेव्हाच निसटतो. त्यामुळे तपासलेल्या काचपट्ट्या जपून ठेवून त्यांतील काही दुसऱ्या तपासनीसाने, आधीचा निकाल न पाहता, पुन्हा वाचण्याची पद्धत आहे.

मर्यादा : थुंकीच्या दर मिलीलिटरमध्ये साधारण ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते काचपट्टीवर सापडण्याची खात्री नसते. संवर्धनाला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, १० ते १०० पुरतात, परंतु त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लोव्हेनश्टाइन-येन्सन माध्यमावर वाढ दिसायला आठ आठवड्यांपर्यंत थांबावे लागते. म्हणून ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ क्षय नाही असा नव्हे. लहान मुले, एचआयव्हीबाधित आणि फुप्फुसाबाहेरचा क्षय झालेले रुग्ण यांच्या बाबतीत हे विसरले गेल्याने उपचाराला उशीर होतो. एका नमुन्यावर भिस्त ठेवत नाहीत, तेही याच कारणाने. भारतात पूर्वी तीन नमुने घेत, २००९ पासून दोन घेऊ लागले. त्यांतील एक पहाटेचा असणे इष्ट, कारण रात्रभर साठलेला बेडका त्यात येतो.

उलट बाजूची चूकही होते. नळाच्या पाण्यात निरुपद्रवी मायकोबॅक्टेरिया असू शकतात. आधीच्या काचपट्टीवरील जंतू भिंगाला किंवा तेलाच्या काडीला चिकटून पुढच्या काचपट्टीवर येतात, म्हणून तेलाचा थेंब वरून सोडतात, काडी लेपाला टेकवत नाहीत. लघवीच्या नमुन्यात स्मेग्मा जंतूंमुळे, म्हणजे जननेंद्रियांच्या त्वचेवरील निरुपद्रवी अम्लस्थिर जंतूंमुळे, फसगत होते.

यापेक्षा मूलभूत मर्यादा अशी की ही पद्धत जंतूंची भित्तिका ओळखते, जाती ओळखत नाही. याचे लक्षणीय उदाहरण मुंबईचे आहे. १९५८ मध्ये तेथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वसंत खानोलकर, कमल रणदिवे व बापट यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून एक अम्लस्थिर जंतू संवर्धित केला. कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नसल्यामुळे या दाव्याकडे साऱ्यांचे लक्ष गेले. पुढील तपासात तो मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेर गटातला ठरला. ‘आयसीआरसी जंतू’ या नावाने त्यापासून कुष्ठरोगावर लसही तयार करण्यात आली, ती गोष्ट निराळी. नुसत्या लाल रंगावरून यांतला फरक कळणे शक्य नव्हते.

कुष्ठरोगासाठी वापर : कुष्ठजंतू क्षयजंतूंपेक्षा कमी अम्लस्थिर असतात, म्हणून सल्फ्यूरिक अम्ल ५% घेतात. कानाच्या पाळीला किंवा चट्ट्याला चिमटीत धरून रक्त न येईल असा छोटा छेद घेतात आणि खरवडलेल्या रसाचा लेप करतात. जंतू सिगारेटच्या जुडीसारखे गुच्छाने दिसतात. त्यांची मोजणी शून्य ते ६+ अशी करतात.

रूपांतरे व नव्या पद्धती : किन्यून यांनी १९१५ च्या सुमारास फिनॉल व फुक्सिनचे प्रमाण वाढवून तापवण्याची गरज काढून टाकली. विष्ठेतील क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीसाठीही सौम्य अम्लाचे रूपांतर वापरतात. ऑरामाइन हा चमकणारा रंग १९३० नंतरच्या दशकात आला. त्यात जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकतात, कमी वर्धनाच्या भिंगाने पाहता येते आणि वेळ बराच वाचतो. एलईडी दिव्यांमुळे तो लहान केंद्रांतही परवडू लागला.

जनुकीय चाचण्यांनी अलीकडे चित्र पालटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिलेली सीबीनॅट चाचणी सुमारे दोन तासांत क्षयजंतू व रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाला असलेला त्यांचा प्रतिकार दोन्ही सांगते. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ला २०२० मध्ये संघटनेची शिफारस मिळाली. हे यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही नेता येते. पहिल्या निदानासाठी आता या चाचण्यांना प्राधान्य आहे. उपचाराचा परिणाम पाहण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग होत नाही, कारण मेलेल्या जंतूंचे डीएनए थुंकीत दीर्घकाळ येत राहते. झील-नील्सन रंजनातही मेलेला जंतू लालच दिसतो, पण ३+ वरून १+ आणि मग निगेटिव्ह अशी उतरण काचपट्टीवर मोजता येते. औषधे सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी आणि पुन्हा उपचाराच्या अखेरीस रुग्णाकडे थुंकीची डबी मागितली जाते, ती याच काचपट्टीसाठी.