आहाराची प्रश्नावली आणि खुणेचं पाणी

‘रोज अमुक खाणाऱ्या बायकांना तमुक आजार कमी’ अशी बातमी वाचली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: त्या काय खातात हे मोजलं कसं? बहुतेक वेळा प्रश्नावलीतून. गेल्या वर्षात अंडं किती वेळा खाल्लं, दूध किती वेळा प्यायलं, गाजर किती वेळा?

अमेरिकेतल्या परिचारिकांच्या प्रचंड पाहणीत १९८० साली ६१ पदार्थांची अशी प्रश्नावली वापरली गेली. ती पडताळायला बॉस्टन परिसरातल्या १७३ जणींनी वर्षभरात चार वेळा, दर खेपेला आठवडाभर, खाल्लेलं सगळं वहीत नोंदवलं. वही आणि प्रश्नावली यांचा सहसंबंध पोषकद्रव्यानुसार ०.३६ ते ०.७५ आला. १ म्हणजे तंतोतंत मेळ, ० म्हणजे काहीच संबंध नाही. जास्त खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या वेगळ्या काढायला एवढं बऱ्यापैकी पुरतं.

पण वहीही त्याच बाईनं लिहिलेली. दुपारचं फरसाण दोन्हीकडे राहून गेलं, तर दोन्ही चुका एकमेकींना दुजोराच देणार. म्हणून साक्षीदार असा हवा, की ज्याला कुणाच्या आठवणीशी देणंघेणं नाही.

तो साक्षीदार म्हणजे खुणेचं पाणी. त्यात जड हायड्रोजन (ड्युटेरियम) आणि जड ऑक्सिजन (ऑक्सिजन-१८) असतो. दोन्ही किरणोत्सारी नाहीत. हे पाणी प्यायल्यावर काही तासांत शरीरातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं. ड्युटेरियम बाहेर पडतं ते पाण्यावाटेच: लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजनला मात्र आणखी एक वाट आहे. रक्तात कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यात ऑक्सिजनची सतत अदलाबदल घडवतं, त्यामुळे जड ऑक्सिजन उच्छ्वासातूनही निसटतो. साहजिकच तो लवकर संपतो. साधारण दोन आठवडे लघवीचे नमुने तपासून दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढायचा, शरीरातल्या एकूण पाण्यानं गुणायचा आणि २ ने भागायचा, कारण कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे अणू २ असतात. हाती येतो शरीरानं तयार केलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा. वजन स्थिर असेल तर जेवढा खर्च तेवढंच खाणं. किती देखणी पद्धत आहे ही!

मेरीलँडमध्ये १९९९-२००० साली ४८४ स्त्री-पुरुषांवर ही कसोटी लावली. प्रश्नावलीत स्त्रियांची ऊर्जा ३४ ते ३८ टक्के कमी भरली. आदल्या दिवशीचं खाणं तपशिलानं विचारल्यावर तूट १६ ते २० टक्क्यांवर आली. पुरुषांचे आकडेही प्रश्नावलीत जवळपास एवढेच घसरले होते, तेव्हा ‘बायका लपवतात’ असं म्हणायला जागा नाही. ‘मला नुसतं पाणी प्यायलं तरी अंगाला लागतं’ हेही खरं नाही. पाण्यात ऊर्जाच नसते.

म्हणूनच ‘इतके ग्रॅम खा, धोका इतका कमी’ अशा मथळ्यांवर माझा विश्वास बसत नाही. ऊर्जेच्या प्रमाणात मोजलं, म्हणजे एकूण उष्मांकांपैकी प्रथिनांचा वाटा किती असं पाहिलं, तर चूक बरीच आटोक्यात येते. प्रथिनांचा हिशेब २४ तासांच्या लघवीतल्या नायट्रोजनवरून पडताळता येतो, सोडियम-पोटॅशियमचाही तसाच. स्निग्ध पदार्थांसाठी मात्र असा साक्षीदार अजून सापडलेला नाही.