टायरमधला सेन्सर थकला, आता काढायचा की ठेवायचा?

गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचं टायरचं पिवळं चिन्ह सरळ पेटून राहिलं, तर हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकून मग पेटून राहिलं, तर बहुतेक गाड्यांत हवा मोजणाऱ्या यंत्रणेतच बिघाड असतो. सात-आठ वर्षं जुनी गाडी असेल, तर सेन्सरचा सेल संपला असण्याची शक्यता मोठी.

हा सेन्सर टायरच्या आत, रिमला, व्हॉल्व्हच्या नळीला जोडलेला असतो. वजन तीसेक ग्रॅम. आतल्या सिलिकॉनच्या पातळ पडद्यावर हवेचा दाब पडतो, तो विजेच्या संकेतात बदलतो आणि साधारण ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून गाडीकडे जातो. चाक थांबलं की सेन्सर झोपतो, फिरलं की जागा होतो. एवढी काटकसर करूनही लिथियमचा सेल ५ ते १० वर्षंच पुरतो. सेन्सर राळेत बंद केलेला असल्यामुळे नुसता सेल बदलता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपुढे जातो, टायरच्या आत त्याहून जास्त, आणि उष्णतेनं सेल लवकर उतरतो.

सेल मेला म्हणून सेन्सर लगेच काढू नका. मुका सेन्सर टायरला काही करत नाही. बघायचं ते व्हॉल्व्हकडे. नळी ॲल्युमिनियमची आणि आतली पिन किंवा वरचं टोपण पितळेचं असेल, तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज धरतो. बुडाचा रबरी वायसरही कडक होतो. तिथं साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर वाट बघू नका. नाही आले, तर नवे टायर टाकताना निर्णय घ्या, कारण तेव्हा टायर रिमवरून उतरणारच असतो. सेन्सर काढून साधा रबरी व्हॉल्व्ह बसवला, तर खर्च किरकोळ. पण चाकाचं बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र पेटलेलाच राहील.

ज्या गाडीला स्टेपनीच नाही, तिचा सेन्सर काढू नये. ९ पर्यंत आसनांच्या मोटारीत ट्यूबलेस टायर, हा सेन्सर आणि दुरुस्तीचं किट असेल, तरच स्टेपनी न देण्याची मुभा २०२० च्या नियमानं दिली आहे. समृद्धी महामार्गावर नेहमी जाणाऱ्यांनीही नवाच बसवावा. हवा कमी असलेला टायर वेगात जास्त दबतो-उचलतो, तापतो आणि फुटतो. काही गाड्यांत तर टायरमध्ये सेन्सरच नसतो. ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी एबीएस यंत्रणाच चाकांचा वेग ताडून हवेचा अंदाज बांधते. तिथं काढण्यासारखं काही नाही.

शेताच्या वाटेवर बाभळीचा काटा रुतला की ट्यूबलेसमधून हवा हळूहळू जाते. त्यावर उपाय म्हणून भरलेली जेल सेन्सरचं छिद्र बुजवू शकते. शिवाय अनेक यंत्रणा दाब पाव हिश्शानं घटल्यावरच इशारा देतात, म्हणजे ३३ चा २५ पीएसआय झाल्यावर. म्हणून सेन्सर असो-नसो, गाडीत हवा मोजायचं गेज ठेवा. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना ३३ भरलेली हवा ४५ अंशांना ३९ च्या आसपास दिसते. मोजमाप सकाळी, गाडी काढण्याआधी करा. भर दुपारी तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो.