वेम्ब्ली स्टेडियम की वेम्ब्ली अरिना? पदुकोण जिंकले ते कुठे?

प्रकाश पदुकोण यांनी १९८० साली लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनची मानाची स्पर्धा जिंकली, असं अजूनही कुठे ना कुठे वाचायला मिळतं. स्पर्धा बरोबर, साल बरोबर, जागा चूक. स्टेडियम म्हणजे उघडं फुटबॉलचं मैदान. बॅडमिंटनचं शटल जेमतेम पाच ग्रॅमचं. वाऱ्याची झुळूक आली तरी त्याची दिशा बदलते. पदुकोण जिंकले ते स्टेडियमच्या शेजारच्या बंदिस्त वास्तूत, वेम्ब्ली अरिनात.

लंडनच्या वायव्य भागातल्या वेम्ब्ली पार्क स्टेशनातून बाहेर पडून ‘ऑलिंपिक वे’ या रस्त्यावरून चालू लागलं, की समोर दिसणारी भलीमोठी कमान स्टेडियमची. अरिना त्याच्या अलीकडेच उजव्या हाताला लागते. भिंतीतून बाहेर आलेल्या काँक्रीटच्या उभ्या, जाड फळ्या ही तिची खूण. या फळ्यांकडे परत येऊ.

स्टेडियमची माहिती बहुतेकांना असते, म्हणून थोडक्यात. १९२३ साली एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याने ते सुरू झालं. १९४८च्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनला ४-० असं हरवून सुवर्णपदक घेतलं, ते इथेच. १९६६च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना इथला, १९८५चा लाइव्ह एड हा गाण्यांचा मोठा कार्यक्रमही इथलाच. जुन्या स्टेडियमचे दोन पांढरे मनोरे २००३ साली पाडले आणि २००७ साली ९०,००० आसनांचं नवं स्टेडियम उभं राहिलं. म्हणजे १९४८चं ते हॉकीचं मैदान आज पाहायला मिळत नाही.

अरिनाचं तसं नाही. तिची मूळ वास्तू अजून उभी आहे आणि ती बांधली होती चक्क पोहण्यासाठी. १९३४च्या ब्रिटिश एम्पायर गेम्ससाठी (आजच्या राष्ट्रकुल स्पर्धांचं जुनं नाव) स्टेडियमचे मालक आर्थर एल्विन यांनी हा बंदिस्त जलतरण तलाव बांधून घेतला. नाव ठेवलं एम्पायर पूल. शेजारच्या मैदानाचं अधिकृत नाव होतं एम्पायर स्टेडियम. त्यामुळे नावांचा घोळ आजचा नाही, तो सुरुवातीपासूनचाच आहे. त्यात दोन्हींचे अभियंतेही एकच, ओवेन विल्यम्स.

विल्यम्स यांची खरी करामत छतात आहे. सुमारे ७२ मीटर रुंदीच्या या हॉलमध्ये मधे एकही खांब नाही. दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या चौकटी आत झुकत येतात आणि माथ्यावर एकमेकींना भेटतात. आत झेपावणारं एवढं वजन तोलायला बाहेरच्या बाजूला तितकाच भार हवा; बाहेरच्या त्या जाड फळ्या हेच काम करतात. मला विचाराल तर या वास्तूचं पुढचं सगळं आयुष्य या एका निर्णयाने ठरवलं. खांब नसलेली जागा कशालाही चालते. तलावावर जमीन अंथरली की खेळ बदलला.

आणि तो पहिल्यापासूनच बदलत राहिला. हिवाळ्यात तलावाच्या जागी बर्फ, त्यावर आइस हॉकी आणि स्केटिंग. १९४८च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यती इथे झाल्याच, शिवाय तलावावर मंच बांधून बॉक्सिंगचे सामनेही झाले. त्यानंतर मात्र हा तलाव पोहण्यासाठी पुन्हा कधी उघडला नाही. पुढे घोडेस्वारीच्या स्पर्धा, सायकलच्या शर्यती, बीटल्ससह अनेकांचे गाण्याचे कार्यक्रम असं सगळं इथे होत गेलं. अखेर १९७८ साली नावातला पूल गेला आणि वेम्ब्ली अरिना हे नाव आलं. २००५-०६मध्ये मोठी डागडुजी झाली, तेव्हा दर्शनी प्रवेशद्वार पूर्वेच्या बाजूला आणलं. अलीकडे प्रायोजक बदलला की नावाच्या पुढचा शब्दही बदलतो.

एखाद्या गायकाने ‘वेम्ब्ली गाजवलं’ असं वाचलंत, तर आधी आकडा बघा. अरिनात साडेबारा हजारांच्या आसपास माणसं मावतात. साठ-सत्तर हजारांची गर्दी असेल तर ते स्टेडियम.

आता बॅडमिंटन. ऑल इंग्लंड १९५७ ते १९९३ या काळात इथेच भरायची. बंगळूरमध्ये लग्नाच्या हॉलात खेळून तयार झालेल्या पदुकोण यांनी १९८०च्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंगला १५-३, १५-१० असं हरवलं आणि ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. किंग तेव्हा सलग दोन वर्षांचा विजेता होता, हे लक्षात घेतलं की पहिल्या गेममधल्या त्या तीन गुणांचं मोल कळतं.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनसाठी वेगळा तात्पुरता हॉल उभारायचा विचार होता. खर्च वाचवायचा म्हणून खेळ वेम्ब्ली अरिनात हलवला. फुटबॉलचा अंतिम सामना शेजारच्या स्टेडियमवर होता, म्हणजे गल्लत व्हायला तेव्हाही वाव होताच. कांस्यपदकाच्या लढतीत चीनच्या वांग शिनने पहिला गेम २१-१८ असा घेतला, दुसऱ्यात ती १-० पुढे होती आणि गुडघ्याच्या दुखापतीने तिला सामना सोडावा लागला. सायना नेहवालच्या गळ्यात बॅडमिंटनमधलं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक पडलं. पदुकोण यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी, विल्यम्स यांच्या त्याच छताखाली.