अपग्रेडनंतर रेड का सापडत नाही?

अपग्रेड झालं, मशीन रीबूट केलं आणि लॉगिनऐवजी पडद्यावर इनिटरामएफएसचा, म्हणजे बूट होताना आधी चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या लिनक्सचा, ओकाबोका प्रॉम्प्ट. रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम, सापडत नाही म्हणे. पहिला संशय डिस्कवर जातो, पण बऱ्याचदा दोन्ही डिस्क ठणठणीत असतात. रेड (अनेक डिस्क मिळून केलेला एक संच, म्हणजे अ‍ॅरे) जोडायचं कुणी, याचं उत्तर मधल्या वर्षांत बदललं आहे. घोळ तिथे आहे.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा रेडवरचा निबंध १९८८ चा. लिनक्समध्ये रेड चालवणारा एमडी ड्रायव्हर १९९६ च्या २.० कर्नलबरोबर आला. पुढे बराच काळ कारभार सोपा होता: पार्टिशनचा प्रकार एफडी ठेवायचा, कर्नल स्वतःच डिस्क चाळून अ‍ॅरे जोडायचा. त्या काळचा ०.९० आवृत्तीचा सुपरब्लॉक (अ‍ॅरेची माहिती ठेवणारा छोटा भाग) पार्टिशनच्या शेवटाकडे बसे. त्यामुळे रेड १ चा, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या आरशाचा, एक अर्धा भाग समोरून पाहिला तर साधी फाइलसिस्टिमच दिसायची. जुना ग्रब (कर्नल चढवणारा बूटलोडर) त्यावरच निभावून न्यायचा. रेड म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नव्हतं.

०.९० ला मर्यादा होत्या, म्हणून १.x मालिका आली. कर्नलला मात्र ती आपोआप ओळखायला शिकवलं नाही, आणि ते मुद्दामच. जोडणीचं काम नील ब्राउन यांच्या एमडीएडीएम या रेड सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, म्हणजे व्यवहारात इनिटरामएफएसकडे गेलं. २०१० पासून एमडीएडीएमचा डिफॉल्ट १.२ झाला. त्यात सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर असतो, म्हणजे जुन्या ग्रबची ती पळवाटही बंद.

इथे खरी मेख आहे. इनिटरामएफएसमध्ये एमडीएडीएमच्या कॉन्फिगची प्रत असते, ती बांधली त्या दिवशीची. नंतर तुम्ही अ‍ॅरे नव्याने केला, होस्टनेम बदललं, तरी त्या प्रतीला त्याचा पत्ता नसतो. अ‍ॅरे ओळखीचा वाटला नाही की तो परका ठरतो आणि एमडी ० ऐवजी एमडी १२७ नावाने उभा राहतो. डेटा शाबूत, पण बूटच्या ओळीत एमडी ० लिहिलेलं असेल तर रूट गायब. यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहिला असता तर हा आकडा कुणाच्या लक्षातही आला नसता. अशा वेळी लाइव्ह यूएसबीवरून अ‍ॅरे जोडा, क्रूट करा (म्हणजे त्या सिस्टिमच्या आत शिरा), कॉन्फिग दुरुस्त करा आणि इनिटरामएफएस पुन्हा बांधा. घाबरून नव्याने 'क्रिएट' मात्र चालवू नका.

ग्रब २ ला एमडी वाचता येतं, पण त्याची दुखणी वेगळी. पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होणाऱ्या जुन्या डिस्कवर त्याच्या गाभ्याला (सर्वात आधी चढणाऱ्या भागाला) जेमतेम ३१ केबी जागा मिळते. रेड आणि एलव्हीएमची (डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेची) मॉड्यूल्स घातली की तो मावेलच असं नाही. आता पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं, तेव्हा ही अडचण राहिलेली नाही.

दुसरं दुखणं जुलै २०२० मध्ये चव्हाट्यावर आलं. बूटहोल या ग्रबमधल्या त्रुटीवरच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक मशीन 'ग्रब_कॅलॉक' सापडत नाही असं सांगून अडून बसली. मॉड्यूल्स नवी होती, पण फर्मवेअर ज्या डिस्कवरून बूट करत होतं तिच्यावरचा गाभा जुनाच राहिला होता. आरशातल्या दोन डिस्कपैकी एकीवरच ग्रब बसवला की हेच होतं. तो आरसा पार्टिशनपुरताच असतो. त्याआधीचे सेक्टर एमडी कॉपी करत नाही, तिथे ग्रब-इन्स्टॉल दोन्ही डिस्कवर वेगवेगळा चालवावा लागतो.