मुलांच्या डोक्यावरची चाई आणि संसर्ग: नाते आहे, पण सरळ नाही

मुलाच्या डोक्यावर नाण्याएवढी गोल, गुळगुळीत जागा दिसली की घरात पहिले वाक्य ठरलेले असते: चाई लागली, किडीने केस खाल्ले. आता त्याच्या जोडीला एक नवी समजूत आली आहे. शरीरात कुठेतरी संसर्ग दडून बसला आहे, तो शोधून मारला की केस आपोआप परत येतील, असे छातीठोकपणे सांगणारे संदेश आणि तपासण्यांच्या लांबलचक याद्या पालकांपर्यंत पोहोचतात. केस खाणारी कीड अस्तित्वातच नाही, तो विषय तिथेच संपतो. दडलेल्या संसर्गाची गोष्ट मात्र इतक्या सहज झटकून टाकता येत नाही, कारण तिच्यात खऱ्याचा अंश आहे. संसर्गामुळे मुलांचे केस जातात हे खरे. पण ते वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि एका वाटेवरचा उपचार दुसऱ्या वाटेवर नुकसान करतो.

सर्वांत साधी वाट तापाची. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था २ ते ६ वर्षे चालते. मग दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसते, सुमारे तीन महिने विश्रांती घेते आणि केस गळतो. जोराचा ताप येऊन गेला की वाढत असलेल्या केसांपैकी पुष्कळसे एकदमच विश्रांतीला जातात. म्हणून गळती तापात होत नाही, तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होते. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या शाम्पूवर जातो. ही गळती सगळ्या डोक्यावर सारखी होते, टक्कल पडल्यासारखा चट्टा दिसत नाही, गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी बारीक गाठ असते. साधारण सहा महिन्यांत ती थांबते. त्यासाठी औषध लागत नाही.

दुसरी वाट डोक्यातल्या नायट्याची, म्हणजे बुरशीची. इथे जंतू खरोखरच केसात शिरलेला असतो. ट्रायकोफायटॉन टॉन्सुरान्स ही बुरशी केसाच्या आत बीजाणू भरते. केस आतून पोकळ होऊन कातडीच्या पातळीवरच तुटतो आणि चट्ट्यात काळे ठिपके दिसतात. मायक्रोस्पोरम कॅनिस बहुधा मांजरांकडून येते. तिचे बीजाणू केसाच्या बाहेरून थर धरतात, केस कातडीच्या जरा वर तुटतो आणि जागा करडी, कोंडा धरलेली दिसते. हा आजार मुख्यतः लहान मुलांचा आहे, कारण वयात येताना डोक्याच्या तेलात जी मेदाम्ले वाढतात ती या बुरशीला मानवत नाहीत.

नायट्यावर नुसते मलम लावून भागत नाही. बुरशी केसाच्या आत आणि मुळाच्या पिशवीत असते, मलम तिथवर पोहोचत नाही. गोळीच लागते. ग्रिसिओफुल्विन दिवसाला किलोमागे २० ते २५ मिलिग्रॅम, ६ ते ८ आठवडे, आणि तेही स्निग्ध जेवणासोबत, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. ट्रायकोफायटॉन असेल तर टर्बिनाफिन सरस ठरते, ते वजनानुसार साधारण चार आठवडे देतात. दोन टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुतला तर बीजाणूंचा फैलाव कमी होतो. घरातल्या भावंडांच्या डोक्यात लक्षणे नसतानाही बुरशी असू शकते, म्हणून शाम्पू त्यांनाही वापरायला सांगतात. कंगवे आणि टोप्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

नमुना घेण्यातच अनेकदा चूक होते. कात्रीने कापलेला केस उपयोगाचा नाही. काळ्या ठिपक्यातला तुटका केस चिमट्याने मुळासकट काढावा लागतो, किंवा बोथट पात्याने खवले खरवडून घ्यावे लागतात. त्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की केसातले केराटिन हे प्रथिन मऊ होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, चार आठवडेही लागू शकतात. वूड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली मायक्रोस्पोरम हिरवट चमकते, टॉन्सुरान्स चमकत नाही. म्हणजे दिव्याखाली काही दिसले नाही याचा अर्थ बुरशी नाही असा होत नाही.

नायट्यातच प्रतिकारशक्तीचा पहिला हात दिसतो. काही मुलांत चट्टा एकाएकी सुजतो, दाबला तर लिबलिबीत लागतो, पू येतो, मानेमागच्या गाठी वाढतात. याला केरियन म्हणतात. ते गळू समजून चीर दिली जाते किंवा अँटिबायोटिकवर आठवडे घालवले जातात. खरे तर तो बुरशीविरुद्ध शरीराने केलेला जोरदार हल्ला असतो, आणि गोळी उशिरा सुरू झाली तर व्रण पडून तेवढ्या जागेचे केस कायमचे जाऊ शकतात. बुरशीची गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी कानाच्या कडांवर, चेहऱ्यावर, अंगावर खाजणारे बारीक पुरळ उठते, तीही अशीच प्रतिक्रिया असते. ती औषधाची ॲलर्जी समजून गोळी बंद करणे ही वारंवार होणारी चूक आहे. पण या दोन्ही ठिकाणी प्रतिकारशक्ती परक्याशीच लढत असते. स्वतःवर उलटणे ही वेगळी गोष्ट, आणि चाईत नेमके तेच घडते.

चाई, म्हणजे ॲलोपेशिया एरियाटा, हा स्वयंप्रतिकार आजार आहे. आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता सुमारे दोन टक्के. तो समजून घ्यायचा तर आधी केसाच्या मुळाला मिळालेली एक विलक्षण सवलत समजून घ्यावी लागते.

केंद्रक असलेली शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एमएचसी वर्ग १ नावाच्या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर दाखवत असते. सीडी८ प्रकारच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या गस्ती पेशी, ते तपासत फिरतात. विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी मारली जाते. वाढत्या केसाच्या मुळात, म्हणजे कंदात, हे दाखवणे जवळजवळ बंद असते. डोळ्याचा आतला भाग आणि मेंदू यांना अशीच सवलत आहे. पण कंदापुढे एक पेच उरतो: काहीच न दाखवणाऱ्या पेशीला मारायचे, हेच तर नैसर्गिक मारक पेशींचे काम. त्यांना थोपवण्यासाठी कंद टीजीएफ-बीटा, एमआयएफ आणि अल्फा-एमएसएच हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे रेणू सोडत राहतो आणि मारक पेशींना चिथावणाऱ्या खुणा पृष्ठभागावर येऊ देत नाही. ही सारी व्यवस्था फक्त वाढीच्या अवस्थेत असते. केस विश्रांतीला गेला की ती मोडते, पुढच्या चक्रात पुन्हा उभी राहते.

या सवलतीची चुणूक दाखवणारा एक सुंदर प्रयोग रूपर्ट बिलिंगहॅम यांनी १९७१ साली मांडला. काळ्या गिनिपिगच्या कातडीचा वरचा थर पांढऱ्या गिनिपिगच्या पाठीवर लावला. परका थर अपेक्षेप्रमाणे नाकारला गेला. पण जिथे यजमान प्राण्याच्या केसांची मुळे शिल्लक होती तिथे काळे केस उगवले. रंगद्रव्याच्या परक्या पेशी केसाच्या कंदात उतरल्या होत्या आणि तिथे त्यांना कोणी हात लावला नव्हता.

चाईत ही सवलत कोसळते. कंदाच्या पेशी एमएचसी दाखवू लागतात, शिवाय यूएलबीपी३ आणि मिका यांसारख्या ताणाच्या खुणाही वर येतात. या खुणा ओळखणारा एनकेजी२डी नावाचा ग्राहक ज्या सीडी८ पेशींवर असतो त्या कंदाभोवती मधमाश्यांच्या मोहोळासारख्या जमतात. त्या इंटरफेरॉन गॅमा हा निरोप देणारा रेणू सोडतात. इंटरफेरॉन कंदाच्या पेशींना आणखी एमएचसी दाखवायला आणि इंटरल्यूकिन-१५ सोडायला लावतो. इंटरल्यूकिन-१५ टी-पेशींना आणखी चेतवतो, त्या आणखी इंटरफेरॉन सोडतात. दोन्ही बाजूंना हा निरोप पेशीच्या आत पोहोचवतात ती जॅक नावाची विकरे. कंदाच्या बाजूला जॅक१ आणि जॅक२, टी-पेशीच्या बाजूला जॅक१ आणि जॅक३. अँजेला क्रिस्टियानो यांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने २०१० साली १,०५४ रुग्णांच्या जनुकीय अभ्यासात यूएलबीपी जनुकांचा भाग या आजाराशी जोडलेला असल्याचे दाखवले. २०१४ साली जॅक रोखणाऱ्या औषधांनी उंदरांत आणि तीन रुग्णांत केस परत आणता येतात हेही दाखवले गेले.

हल्ला कंदावर होतो, म्हणून त्याची खूण केसावर उमटते. कंद मार खात असताना तयार झालेला भाग बारीक निघतो आणि केस तुटतो: वर जाड, मुळाशी निमुळता, उद्गारचिन्हासारखा. हे केस चट्ट्याच्या कडेला भिंगातून दिसतात. नवा केस घडवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) कंदाच्या बऱ्याच वर असतात आणि त्या सहसा वाचतात, म्हणून वर्षांनीही केस परत येऊ शकतात. निशाणा बहुधा रंगद्रव्याशी संबंधित असावा, कारण पांढरे केस अनेकदा वाचतात आणि नवे केस सुरुवातीला पांढरे उगवतात. 'एका रात्रीत केस पांढरे झाले' या गोष्टींमागे हेच असू शकते. काळे केस गळून पांढरे तेवढे मागे राहतात.

आता मूळ प्रश्न. या साखळीची पहिली कडी संसर्ग हलवू शकतो का? तत्त्वतः होय. कोणत्याही विषाणूशी लढताना शरीरात इंटरफेरॉन वाढतात. चाईचा कल असलेल्या सी३एच/हेज जातीच्या उंदरांना २००५ साली नुसता इंटरफेरॉन गॅमा टोचला आणि त्यांचे केस गेले. ज्या उंदरांत हा इंटरफेरॉन बनतच नाही त्यांना प्रयोगात चाई होत नाही. यकृतदाहासाठी (हिपॅटायटिस) इंटरफेरॉनचे उपचार घेणाऱ्या काही रुग्णांत चाई झाल्याच्या नोंदी आहेत. एकसारख्या जुळ्यांत एकाला चाई असेल तर दुसऱ्याला ती साधारण निम्म्या जोड्यांतच होते, म्हणजे जनुकांपलीकडचेही काहीतरी लागते. संसर्ग त्यातला एक असू शकतो.

पण यातून 'अमुक जंतूमुळे चाई' असे विधान निघत नाही. संधिवाताच्या तापात स्ट्रेप्टोकॉकसचे एक प्रथिन हृदयातल्या प्रथिनांसारखे दिसते आणि तिथे जंतू व आजार यांचे नाते पक्के आहे. चाईसाठी असा एकही जंतू सिद्ध झालेला नाही. १९९०च्या दशकात सायटोमेगॅलोव्हायरसवर संशय घेतला गेला, पुढच्या तपासण्यांत तो टिकला नाही. शिवाय एक साधा हिशेब पाहावा. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दीतापाचे संसर्ग होतात. म्हणजे चट्टा कधीही दिसला तरी मागच्या दोन महिन्यांत एखादा आजार सापडणारच. 'तापानंतर चाई पडली' हे निरीक्षण खरे असूनही त्यातून कारण सिद्ध होत नाही. आणि समजा एखाद्या विषाणूने ठिणगी टाकली असलीच, तरी चट्टा दिसेपर्यंत तो गेलेला असतो आणि वरचे चक्र स्वतःच्या बळावर फिरत असते. त्या वेळी अँटिबायोटिक देऊन, जंत काढून किंवा दातांची कीड साफ करून चाई बरी होत नाही. दात आणि जंत यांचे उपचार त्यांच्यासाठी जरूर करावेत.

लसूण किंवा कांदा चोळून चाई गेल्याचे अनुभव सांगितले जातात त्यांचेही उत्तर इथेच आहे. एखाददुसरा चट्टा असेल तर जवळपास निम्म्या रुग्णांत वर्षभरात केस आपोआप येतात. श्रेय त्या काळात जे चोळले असेल त्याला मिळते. मुलाच्या कोवळ्या कातडीवर मात्र त्याने भाजल्यासारखे फोड येतात.

सगळ्यात महत्त्वाचा व्यवहार असा: चट्ट्यावर कोंडा, तुटके काळे ठिपके, खाज, मानेमागे गाठी असतील तर आधी बुरशीची तपासणी. गुळगुळीत, खवले नसलेली कातडी, कडेला उद्गारचिन्हासारखे केस, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील तर चाई. वेड्यावाकड्या आकाराच्या जागेत वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस असतील तर मूल स्वतःच केस उपटत असण्याचा विचार करावा. तपासणी न करता स्टिरॉइडचे मलम लावू नये. चाईत ते काम करते, कारण तिथे प्रतिकारशक्ती शांत करायची असते. नायट्यात तेच मलम लालसरपणा झाकते, बुरशीला मोकळे रान देते, आणि निदान आणखी अवघड होते.

चाईचे निदान झाल्यावर लहान मुलांत सहसा क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे स्टिरॉइड चट्ट्यावर लावतात, सहा आठवडे लावून सहा आठवडे खंड अशा क्रमाने, म्हणजे कातडी पातळ होण्याचा धोका कमी राहतो. चट्ट्यात ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड टोचणे परिणामकारक आहे, पण दुखते, म्हणून ते मोठ्या मुलांसाठी राखून ठेवतात. वाढ मंदावणे, थकवा, घरात थायरॉइडचा आजार अशी खूण असेल तर थायरॉइड तपासतात, कारण स्वयंप्रतिकार आजार एकमेकांची सोबत करतात. फार लहान वयात सुरुवात, कानामागून मानेपर्यंत पट्ट्यासारखी पसरलेली गळती, नखांवरचे बदल आणि दमा-इसबाचा कल असेल तर आजार चिवट ठरण्याची शक्यता जास्त.

तीव्र चाईसाठी जॅक रोखणारी औषधे आता आली आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब प्रौढांसाठी आणि जून २०२३ मध्ये रिटलेसिटिनिब १२ वर्षे व त्यावरील वयासाठी मंजूर केले. रिटलेसिटिनिबची मात्रा रोज ५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. आणि ज्या जॅक मार्गाने कंदावरचा हल्ला चालतो त्याच मार्गाने शरीर विषाणूंशी लढते, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि यकृतदाह बी व सी यांच्या तपासण्या करतात, मुलाच्या राहिलेल्या जिवंत लसी आधी पूर्ण करून घेतात आणि उपचार चालू असताना नागिणीसारखे पुरळ उठले तर लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगतात.